वापरलेला ऑल-ग्रेन ब्रूइंग संच नागपुरात विकायचा असेल तर

परदेशात काही वर्षं राहून नागपूरला परतलेल्या घरांमध्ये हा संच अधूनमधून दिसतो. तीन मोठी स्टीलची पातेली, तळाला व्हॉल्व्ह, एक पंप, तांब्याची कॉइल, धान्य भरडायचं छोटं यंत्र, दोन-तीन उभे डबे आणि एक सिलेंडर. तिकडे शनिवार-रविवारी बिअर बनवण्याचा छंद होता, पैसाही भरपूर लागला होता. कंटेनरमध्ये जागा होती म्हणून सगळं इकडे आलं. आता बेसा किंवा मनीषनगरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ते ताडपत्रीखाली पडून आहे आणि घरातली माणसं रोज विचारतात, याचं करायचं काय?

माझा सल्ला सुरुवातीलाच सांगतो. अख्खा संच एकाच गिऱ्हाइकाला विकायच्या मागे लागू नका. तो सुटा करा, स्वच्छ करा, पाण्यावर चालवून बघा आणि प्रत्येक वस्तू तिचा खरा उपयोग असलेल्या माणसाला द्या. आधी ती कशासाठी वापरली होती, हे मात्र प्रत्येकाला सांगा. पैसे याच मार्गाने जास्त मिळतात आणि कायद्याच्या बाजूनेही हाच मार्ग नीट आहे.

कायदा आधी

अमेरिकेत 1979 पासून केंद्रीय कायद्याने घरच्या वापरापुरती बिअर बनवायला कर आणि परवाना लागत नाही. ब्रिटनमध्ये ही मुभा 1963 पासून आहे. महाराष्ट्रात तशी मुभा नाही. इथे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं हा त्याखाली गुन्हा आहे. कलम 65 नुसार मद्य बनवण्याच्या हेतूने साहित्य, भांडी किंवा उपकरणं वापरणं, ठेवणं, जवळ बाळगणं हेही गुन्ह्यात मोडतं. यात ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दूध तापवायचं पातेलं हे पातेलंच असतं. पण ‘घरी बिअर बनवायचा संपूर्ण सेट, आजच सुरू करा’ अशी जाहिरात केली, तर हेतू तुम्ही स्वतःच लिहून दिलात.

म्हणून संच बिअरसाठी म्हणून विकू नका, आणि ‘मला घरीच करून बघायची आहे’ असं म्हणणाऱ्याला देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. वर्धा तर नागपूरपासून दीड-दोन तासांवर आहे, त्यामुळे तिकडून फोन येणारच. पातेलं खानावळीसाठी हवं असेल तर जरूर द्या, पण उपयोग स्पष्ट विचारून आणि पावतीवर लिहून द्या.

संच तुम्ही भारतात आल्यावर वापरला असेल, तर जाहिरात देण्याआधी वकिलाशी बोला. घरात बनवलेली बाटली उरली असेल तर ती विकायची नाही, भेट द्यायची नाही आणि चव बघायलाही कुणाला द्यायची नाही.

संचासोबत ऊर्ध्वपातनाचं काही आलं असेल, म्हणजे घुमटासारखं झाकण किंवा वर चढवायचा तांब्याचा उभा खांब, तर ते बाजूला काढा. काही कंपन्या बिअरच्या विजेच्या भांड्यांवर बसणारे असे भाग विकतात. परवान्याशिवाय दारू गाळायला अमेरिकेतही बंदी आहे. विदर्भात हातभट्टीवर सतत कारवाया होत असतात. हा भाग कापून भंगारात घाला, अखंड कुणाच्या हाती देऊ नका.

अजून परत आला नसाल तर

हा लेख तिकडे बसून वाचत असाल आणि सामान अजून बांधलं नसेल, तर संच तिथेच विका. तिथे छंद करणारे लोक आहेत, सुटे भाग मिळतात, विजेचा दाब जुळतो आणि कायद्याची अडचण नाही. अमेरिकेतला 115 व्होल्टचा बिअरचा फ्रिज तर अजिबात आणू नका. इथे तो चालवायला मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि 60 हर्ट्झसाठी बनलेला कॉम्प्रेसर 50 हर्ट्झवर गरम होतो. आणायचंच असेल तर साधी स्टीलची भांडी, क्लॅम्पचे जोड आणि तापमान नियंत्रक आणा. त्यांना इथे किंमत आहे.

आपल्याकडे नक्की आहे काय

विकणाऱ्याला प्रत्येक भागाचं काम माहीत असलं पाहिजे, कारण गिऱ्हाईक विचारणारच. ऑल-ग्रेन पद्धतीत अंकुरवून वाळवलेलं जव भरडतात आणि साधारण 65 ते 68 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. धान्यातल्या पिष्टाची त्यात साखर होते. मग तो गोड रस जाळीतून निथळून घेतात, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं) घालून उकळतात, झटपट थंड करतात आणि यीस्ट घालून आंबवतात. संचाचे भागही याच क्रमाने असतात. पाणी तापवायचं भांडं, खोटा तळ म्हणजे जाळी असलेलं भिजवायचं भांडं, उकळायचं भांडं, थंड करायची कॉइल किंवा प्लेटचा थंडावक, आंबवायची भांडी आणि शेवटी बिअर भरून ठेवायचे डबे व कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर.

ग्रेनफादर, ब्रूझिला किंवा ब्राउमाइस्टर या नावाचं तयार यंत्र असेल तर पहिली तिन्ही कामं एकाच विजेच्या भांड्यात होतात. अशी भांडी सुटी करायची नसतात, पंप आणि नियंत्रकासकट एकच यंत्र म्हणून विकायची. ती युरोप, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमधून आणलेली असतील तर 230 व्होल्टवर चालतात, फक्त प्लग बदलावा लागतो. माझ्या मते नागपुरात सगळ्यात लवकर हीच विकली जातात.

आता वहीत यादी करा. प्रत्येक भांड्याचं माप लिटरमध्ये लिहा, गॅलनमध्ये इथे कुणी विचार करत नाही. अमेरिकी 10 गॅलन म्हणजे जवळपास 38 लिटर आणि 15 गॅलन म्हणजे 57 लिटर. धातू, वजन, व्हॉल्व्हचं माप, व्होल्ट, वॅट आणि खरेदीचं वर्षही लिहा. जोडांचे आटे नीट बघा. अमेरिकी भांड्यांवर एनपीटी आटे असतात आणि आपल्याकडचे नळजोड बीएसपी. अर्ध्या इंचाच्या मापात दोन्हींचे आटे इंचाला 14च असतात, म्हणून एकमेकांत फिरतात आणि जुळल्यासारखे वाटतात. पण आट्यांचा कोन वेगळा आहे, एकाचा 60 अंश आणि दुसऱ्याचा 55, त्यामुळे जोड गळतो. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलं की नंतरची तक्रार वाचते. क्लॅम्पचे गोल जोड असतील तर मात्र फायदा तुमचा. दूध आणि औषधांच्या कारखान्यांत हेच जोड चालतात, तिथले फिटर त्यांना टीसी म्हणतात.

एका वस्तूबाबत विशेष काळजी. काही लोक मोठ्या बिअर कंपनीचा स्टीलचा पिंप वरून कापून पातेलं करतात. तो पिंप बहुधा अनामत ठेवून नेलेला असतो आणि मालकी कंपनीचीच राहते. खरेदीचा पुरावा नसेल तर तो विकू नका.

वीज: इथे घाई नको

या संचांतला खरा धोका विजेत आहे, म्हणून इथे जरा थांबतो. अमेरिकेतून आलेल्या विजेच्या संचात दोन प्रकारच्या हीटिंग कॉइल सापडतात. एक 120 व्होल्टची आणि दुसरी 240 व्होल्टची.

120 व्होल्टची 1,500 वॅटची कॉइल आपल्या 230 व्होल्टवर लावली तर ती साडेपाच हजार वॅट ओढू पाहते, कारण दाब जवळपास दुप्पट झाला की शक्ती जवळपास चौपट होते. कॉइल जळेल, वायर तापेल, आग लागू शकेल. ही कॉइल काढून टाका आणि तिच्या जागी इथली 230 व्होल्टची बसवून घ्या, किंवा भांडं कॉइलशिवाय गॅससाठी विका. ट्रान्सफॉर्मर लावून चालेल, असं गिऱ्हाइकाला सांगू नका. एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर महागही पडतो आणि जडही असतो.

240 व्होल्टची 5,500 वॅटची कॉइल इथे चालते. तिचा रोध साधारण साडेदहा ओहम भरतो, म्हणून 230 व्होल्टवर ती सुमारे 5,000 वॅट देते आणि 22 अँपिअर घेते. घरातला गिझरचा किंवा एसीचा सॉकेट 16 अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त 3,680 वॅटचा. तेव्हा या कॉइलला वेगळी जाड वायर, 32 अँपिअरचा एमसीबी आणि औद्योगिक सॉकेट लागतो. हे जाहिरातीतच लिहा.

भांडं दाखवण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तीन गोष्टी तपासून घ्या. मल्टिमीटरने कॉइलचा रोध, मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) कॉइल आणि भांड्याच्या अंगामधलं इन्सुलेशन, आणि अर्थिंग. रोध किती यायला हवा ते स्वतः काढता येतं, व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. 230 व्होल्ट आणि 2,000 वॅटच्या भांड्याला तो 26 ते 27 ओहम यायला हवा. पाण्याची चाचणी 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरच घ्या. तो पडला तर कॉइलमध्ये गळती आहे. अशी कॉइल विकायची नाही, बदलायची.

115 व्होल्टचा पंप ट्रान्सफॉर्मरवर फिरतो, पण 50 हर्ट्झवर त्याचा वेग साधारण सहाव्या हिश्श्याने कमी होतो आणि मोटर जास्त तापते. तो स्वस्तात आणि खरं सांगून द्या.

स्वच्छता

बहुतेक विकणारे भांडं बाहेरून चकचकीत करतात आणि व्हॉल्व्ह तसाच ठेवतात. घाण तिथेच असते. तीन तुकड्यांचा बॉल व्हॉल्व्ह पान्याने उघडा, आतल्या गोळ्यामागे वाळलेल्या रसाचा काळपट थर सापडेल. उघडता येत नसेल असा व्हॉल्व्ह सरळ नवा बसवा.

भांड्यासाठी आधी अल्कली आणि मग आम्ल, हा क्रम पाळा. गरम पाण्यात, साधारण 60-70 अंशांच्या, धुण्याचा सोडा किंवा सोडियम परकार्बोनेट घालून तासभर भिजू द्या. प्रथिनांचा, साखरेचा आणि हॉप्सच्या चिकट राळेचा थर यात सुटतो. भरपूर पाण्याने धुऊन घ्या. मग लिंबूसत घातलेलं गरम पाणी. बिअरच्या भांड्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचा पिवळट खडबडीत थर बसतो, आणि आपल्याकडे बोअरचं पाणी वापरलं असेल तर कॉइलवर क्षारांची पांढरी पुटंही चढतात. दोन्हींवर आम्लच चालतं. पुन्हा धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. नुसतं उन्हात ठेवलं तर पाण्याचे डाग पडतात.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. स्टीलवर ब्लीच नको, क्लोरीनमुळे त्यात बारीक खड्डे पडतात. ब्लीच आणि आम्ल एकत्र तर कधीच नको, त्यातून विषारी वायू सुटतो. लोखंडी तारेची घासणी नको, तिचे कण अडकून गंज धरतो. ॲल्युमिनियमच्या भांड्याला धुण्याचा सोडा लावू नका, ते काळं पडतं आणि झिजतं.

जुन्या सिलिकॉनच्या नळ्या आणि सगळे रबरी वायसर फेकून द्या. हॉप्सचा वास त्यातून जात नाही, आणि सरबत करणाऱ्या माणसाला तो पहिल्याच दिवशी कळतो. ओरखडे पडलेले प्लास्टिकचे डबेही खाण्यापिण्यासाठी विकू नका, त्या ओरखड्यांत जंतू तग धरतात. बागेचं पाणी साठवायला ते उत्तम.

प्लेटचा थंडावक आतून बघता येत नाही. उलट्या दिशेने गरम अल्कलीचं पाणी सोडत राहा, बाहेर येणारं पाणी पांढऱ्या कापडातून गाळा. हॉप्सचे हिरवे कण येणं थांबत नसेल तर तो अन्नासाठी विकायचा नाही.

पाण्यावर चाचणी, गिऱ्हाइकासमोर

सगळं जोडून भांडं पाण्याने भरा आणि उकळी आणा. गळती बघा आणि उकळीला किती वेळ लागला ते लिहून ठेवा, कारण पहिला प्रश्न बहुधा हाच येतो. तापमापक दोन ठिकाणी तपासा, बर्फाच्या लगद्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आहे, म्हणून पाणी इथे साधारण 99 अंशांना उकळतं. काटा 99 दाखवत असेल तर तो बरोबर आहे. शिवाय भांडं 65 अंशांवर अर्धा तास ठेवून नियंत्रक किती खालीवर होतो ते मोबाइलवर चित्रित करा. दूध, पनीर किंवा सरबत करणाऱ्यांना नेमकं तेच बघायचं असतं.

कोणती वस्तू कुणाला

विजेवर चालणारं, तापमान धरून ठेवणारं 30 ते 60 लिटरचं स्टीलचं भांडं ही या संचातली सगळ्यात उपयोगी वस्तू. संत्र्याचा स्क्वॉश, आवळा सरबत, जॅम करणारे घरगुती उद्योग आणि बचतगट यांना ते हवं असतं, कारण गॅसवर मोठ्या पातेल्यात साखर तळाला लागते आणि रस करपतो. दूध 63 अंशांवर 30 मिनिटं ठेवून पाश्चराइझ करणाऱ्या छोट्या दूधवाल्याला, घरगुती चीज करणाऱ्याला, सुताला नैसर्गिक रंग देणाऱ्याला ते लागतं. केटरिंगवाल्याला चहासाठी आणि सूपसाठी चालतं. कॅफेवाल्याला थंड कॉफीसाठी तळाचा व्हॉल्व्ह आणि जाळी आवडते.

हंगाम बघून विका. अंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास बाजारात भरभरून येतात आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. दसऱ्याच्या आधी भांडी तयार ठेवली तर दोन्हीकडची मागणी सापडते. मे महिन्यात काहीच विकायला काढू नका. 45 अंशांच्या उन्हात भर दुपारी भांडं बघायला कुणी येत नाही आणि गच्चीवर ठेवलेलं रबर, प्लास्टिक खराब होतं ते वेगळंच.

तांब्याची कॉइल फसवी आहे. बघणाऱ्याला वाटतं, यातून दूध किंवा सरबत थंड करू. आंबट रसात तांबं उतरतं आणि दुधालाही ते चालत नाही, म्हणून त्या कामासाठी देऊ नका. एसी आणि फ्रिज दुरुस्त करणारे मेकॅनिक ती नळी घेतात. पंधरा मीटरची, तीन अष्टमांश इंचाची कॉइल भिंतीच्या जाडीनुसार अडीच-तीन किलो भरते, तेव्हा तांब्याचा त्या दिवसाचा भाव विचारल्याशिवाय सौदा करू नका. स्टीलची कॉइल असेल तर ती सरबतवाल्याच्या कामाची.

दोन रुळांचं भरडायचं यंत्र पीठ करत नाही, दाणा फक्त फोडतं. ज्यांना घरचा भरडा, दलिया किंवा गुरांसाठी भरडलेलं धान्य हवं, त्यांना ते आवडतं. काटोल, कळमेश्वर, कुही या बाजूच्या शेतकरी ओळखीच्यांना विचारा. साध्या पोलादाचे रूळ असतील तर गंज बघा आणि ओलं धान्य घालू नये हे सांगा.

काचेचे मोठे बुधले दूर पाठवू नका. भरलेला बुधला ओल्या हातांतून निसटला की खोल जखमा होतात. गावातच, झाडं लावायला किंवा शोभेला द्या.

परवानाधारक मायक्रोब्रुअरीला प्रयोगासाठी छोटा संच हवा असेल, तर तेवढ्यापुरता अख्खा संच एकत्र विकता येईल. मात्र त्यांच्या परवान्यात ते बसतं का, हे त्यांनी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून लेखी घेऊ द्या. आपण तोंडी हमीवर जाऊ नये.

सिलेंडर आणि उभे डबे

कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर ही संचातली सगळ्यात नाजूक वस्तू. 20 अंशांना त्याच्या आत सुमारे 57 बार दाब असतो. 31 अंशांच्या वर आतला द्रव द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि भरलेल्या सिलेंडरमधला दाब झपाट्याने चढतो. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा गच्चीवर तो ठेवायचा नसतो, याचं कारण हेच.

भारतात गॅस सिलेंडर नियम, 2016 लागू आहेत आणि सिलेंडरला पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेसाठीच्या केंद्रीय संस्थेची मान्यता लागते. या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. परदेशी ठशाचा, मान्यता नसलेला सिलेंडर इथला प्रामाणिक गॅस विक्रेता भरून देत नाही. म्हणून त्याची किंमत फक्त धातूची. मोकळ्या हवेत, घरापासून दूर, व्हॉल्व्ह अगदी हळू उघडून तो पूर्ण रिकामा करा. बंद खोलीत हे करू नका, हा वायू जमिनीलगत साचतो आणि माणूस गुदमरतो. मग गॅस विक्रेत्याकडून व्हॉल्व्ह काढून घ्या आणि तो भंगारात द्या. रेग्युलेटर वेगळा विकता येतो, पण त्याचा जोड इथल्या सिलेंडरला बसत नाही. जोड बदलावा लागेल, हे सांगून विका.

19 लिटरचे उभे स्टीलचे डबे मात्र छान जातात. हे डबे मुळात शीतपेयांच्या पाकासाठीच बनले. सोडा, लिंबू सोडा, थंड कॉफी विकणाऱ्यांना ते लागतात. आतले सगळे रिंग बदला, दाब सोडायचा व्हॉल्व्ह चालतो का ते बघा, आणि झाकण उघडण्याआधी दाब सोडायचा हे गिऱ्हाइकाकडून दोनदा करवून घ्या.

किंमत

तळाची किंमत भंगाराची, वरची किंमत इथल्या नव्या वस्तूची. तुमचा भाव या दोन टोकांच्या मधे बसतो. तुम्ही तिकडे किती डॉलर मोजले याचा या हिशेबाशी संबंध नाही, आणि ते गिऱ्हाइकाला ऐकवल्याने एक रुपयाही वाढत नाही.

तळ काढायला भांडं तोलून घ्या आणि इतवारीत लोहा ओळीला 304 प्रतीच्या स्टीलचा त्या दिवसाचा भाव विचारा. वर काढायला केटरिंगची भांडी विकणाऱ्याकडे तेवढ्याच लिटरच्या, तेवढ्याच जाडीच्या नव्या भांड्याचा भाव घ्या. माझा अंदाज असा की चांगल्या स्थितीतल्या भांड्याला नव्याच्या निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत मागावं. इथे एक मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. बाजारातली बरीच स्वस्त भांडी 202 प्रतीच्या स्टीलची असतात आणि परदेशी ब्रूइंगची भांडी बहुधा 304 ची. लोहचुंबकाने हा फरक कळत नाही, दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही. भंगारवाल्याकडे थेंब टाकून तपासायचं रसायन असतं. त्याच्यासमोर थेंब टाकून घ्या, फोटो काढा आणि तो जाहिरातीत लावा.

जाहिरात आणि बोलणं

साधी, पूर्ण माहितीची जाहिरात लिहा. अशी:

‘विकणे आहे. 57 लिटरचं 304 स्टेनलेस स्टीलचं भांडं, झाकणासह. तळाला अर्धा इंची व्हॉल्व्ह, आत काढता येणारी जाळी, बाजूला तापमापक. 230 व्होल्ट, 3,000 वॅटची नवी कॉइल, 16 अँपिअरच्या सॉकेटवर चालते. आधीचा वापर: परदेशात असताना घरगुती बिअरसाठी. आता पूर्ण धुऊन, नवा व्हॉल्व्ह बसवून तयार. सरबत, दूध, केटरिंगसाठी योग्य. मद्य बनवण्यासाठी दिलं जाणार नाही. प्रतापनगरला प्रत्यक्ष पाण्यावर चालवून दाखवू.’

आधीच्या वापराची ओळ गाळायचा मोह होईल, कारण तिच्यामुळे काही गिऱ्हाइकं कमी होतात. ती तरीही ठेवा. हे भांडं कुणी महाप्रसादासाठी नेईल, कुणी श्रावणात साबुदाणा भिजवायला वापरेल. भांडं आरोग्याच्या दृष्टीने निर्मळ झालेलं असतं, पण ज्याच्या घरात ते जाणार त्याच्या मनाला चालतं की नाही हे ठरवायचा हक्क त्याचा आहे. ‘नको दादा, आमच्याकडे देवाचं असतं’ असं कुणी म्हणालं तर ‘बरोबर आहे काकू’ म्हणून विषय संपवा. पटवत बसू नका.

घासाघीस होणारच. ‘शेवटचे किती, भाऊ?’ हा प्रश्न वस्तू बघण्याआधीच येतो. फोनवर भाव खाली आणू नका. ‘या, बघा, पाणी उकळून बघा, मग बसून बोलू’ एवढंच म्हणा. जो येतो तो बहुतेक घेतो.

पैसे, पावती, पोहोच

यूपीआयवर पैसे घेताना आपल्याला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. ‘मी कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असं सांगणारा फसवतोय. लष्करात असल्याचं सांगून वस्तू न बघताच पूर्ण रक्कम देऊ करणाऱ्याचा फोन ठेवून द्या. पैसे खात्यात आले की बँकेच्या ॲपमध्ये बघा, समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर नाही.

पावती साध्या कागदावर दोन प्रतींत करा. वस्तू, माप, रक्कम, तारीख, दोघांची नावं आणि सह्या. त्यात दोन वाक्यं हवीतच: ‘या भांड्याचा आधीचा वापर मला सांगितला आहे’ आणि ‘हे मी अमुक कामासाठी घेत आहे, परवान्याशिवाय मद्यनिर्मितीसाठी वापरणार नाही’. तुमची प्रत जपून ठेवा.

गावात छोटा हत्ती पुरतो. बाहेरगावी पाठवायचं तर वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे द्या, पण व्हॉल्व्ह आणि तापमापक काढून वेगळ्या डब्यात बांधा. बाहेर आलेली तोटीच सगळ्यात आधी वाकते. पातेली एकात एक बसवून मधे गोणपाट घाला. भांड्यासोबत एक कागद द्या: किती वॅट, कोणता सॉकेट, कोणते आटे, आत पाणी नसताना कॉइल सुरू करू नये.

शेवटी उरतं धान्य आणि हॉप्स. भरडलेलं जुनं जव बुरशी नसेल तर गुरांना चालतं. हॉप्स कंपोस्टमध्ये घालू नका, घरी किंवा सोसायटीत कुत्रा असेल तर मुळीच नाही. हॉप्स खाल्ल्याने कुत्र्याचं अंग जीवघेणं तापतं. पिशवीत घट्ट बांधून महापालिकेच्या कचरागाडीत द्या आणि यीस्टची पाकिटं त्याच पिशवीत घाला.